पाण्याखालचा गवंडी : विंचेस्टर कॅथेड्रलच्या पायाची कथा

१/ एप्रिल १९०६. इंग्लंडमधील विंचेस्टर कॅथेड्रलच्या भिंतीलगत खोदलेल्या एका खड्ड्यात एक पाणबुड्या उतरला. जवळपास समुद्र नव्हता, बंदरही नव्हते. खड्डा मात्र गढूळ पाण्याने भरलेला होता. सुमारे साडेपाच वर्षे हा मनुष्य जवळजवळ रोज त्या अंधारात उतरत राहिला. त्याचे नाव विल्यम वॉकर.

२/ तळघरात झिरपणारे पाणी आणि पाया खचल्याने भिंतींना गेलेले तडे ही घराघरांतली तक्रार आहे. विंचेस्टरमध्ये हेच दुखणे आठ शतकांहून जुन्या, अवाढव्य वास्तूला जडले होते. त्यावरचा उपाय समजून घ्यायचा, तर आधी जमीन समजून घ्यायला हवी.

३/ इंग्लंडवर नॉर्मनांची सत्ता आल्यानंतर, १०७९ मध्ये, बिशप वॉकेलिन याने या कॅथेड्रलचे बांधकाम सुरू केले. जागा इचन नदीच्या खोऱ्यातली, म्हणजे पाणथळ. थोडे खणले की पाणी लागे. पावसाळी महिन्यांत भूजल वर चढे आणि कॅथेड्रलच्या तळघरात शिरे.

४/ तेराव्या शतकाच्या आरंभी बिशप गॉडफ्री द लूसी याने पूर्वेकडे इमारत वाढवली. कठीण थर खूप खाली होता आणि तिथवर पोहोचण्याआधीच पाणी आडवे येत होते. म्हणून बांधकाम करणाऱ्यांनी बीच वृक्षांचे ओंडके आडवे अंथरले आणि त्या तराफ्यावर दगडी भिंती उभ्या केल्या. त्या काळच्या साधनांचा विचार करता हा अडाणीपणा खचितच नव्हता.

५/ परंतु ओंडक्यांखाली होता पीटचा थर : अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, मऊ माती. वजन पडले की ती दबते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही. शतकामागून शतक भिंती खचत गेल्या, बाहेरच्या बाजूला कलल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस काही भेगा इतक्या रुंद झाल्या होत्या, की त्यांत घुबडे वस्तीला येत.

६/ १९०५ मध्ये वास्तुविशारद थॉमस जॅक्सन यांनी पाहणी केली आणि अभियंते फ्रान्सिस फॉक्स यांना बोलावले. भिंतीलगत चर खणल्यावर चित्र स्पष्ट झाले : वर माती, मग पीट, आणि त्याखाली वाळू-गोट्यांचा भक्कम थर. पाया या तिसऱ्या थरापर्यंत न्यायचा होता. पण पीट फोडताच खालून पाणी उसळून वर आले.

७/ पाणी उपसून टाकावे, हा विचार कोणालाही सुचेल. इथे तोच घातक होता. जोराचा उपसा केला, की पाण्याबरोबर बारीक वाळू आणि गाळही वाहून येतो. ज्या जमिनीला आधार द्यायचा, तीच पायाखालून निसटू लागते. खड्डा कोरडा झाला असता, पण त्यापायी भिंतच कोसळण्याची भीती होती.

८/ म्हणून उलटा मार्ग निवडला गेला : पाणी आहे तिथेच राहू द्यायचे आणि त्यात काम करू शकेल असा माणूस खाली पाठवायचा. वॉकर हा सीबे गोरमन या पाणबुडी-साहित्य बनवणाऱ्या कंपनीचा अनुभवी पाणबुड्या होता. त्याचा पोशाख सुमारे ९० किलो वजनाचा होता. पाणी सहा मीटरपर्यंत खोल आणि इतके गढूळ, की दिवा नेऊनही उपयोग नव्हता. सारे काम हाताच्या स्पर्शाने चाले.

९/ कामाचा क्रम असा : भिंतीखाली थोड्याच लांबीचा खड्डा घ्यायचा, म्हणजे एका वेळी भिंतीचा लहानसा भागच निराधार होई. वॉकर आतले पीट खणून काढी आणि वाळू-गोट्यांचा थर सपाट करी. मग काँक्रीटने भरलेली पोती एकमेकांना चिकटवून थरावर थर रची. काँक्रीट घट्ट झाले, की खालून येणारे पाणी अडे.

१०/ त्यानंतरच पंप लावले जात. आता तळ बंद असल्याने वाळू वाहून जाण्याची भीती नसे. कोरड्या खड्ड्यात गवंडी उतरत आणि काँक्रीटचे ठोकळे व विटा रचत जुन्या पायाच्या तळाशी नवे बांधकाम घट्ट भिडवत. मग पुढचा खड्डा. दक्षिण आणि पूर्व बाजूंनी असे दोनशेहून अधिक खड्डे घेतले गेले.

११/ भेगांचे काय? त्यांवर वरवर गिलावा करून भागणार नव्हते. आधी हवा आणि पाणी सोडून आतली धूळ काढली जाई. बाहेरचे तोंड चिकणमातीने लिंपून दाबाखालच्या हवेने पातळ सिमेंट आत ढकलले जाई. यासाठी वापरलेले यंत्र जेम्स ग्रेटहेड यांचे. लंडनच्या भुयारी रेल्वेत बोगद्याचे लोखंडी अस्तर आणि माती यांमधली पोकळी ते भरत असे.

१२/ १९११ मध्ये पाण्याखालचे काम संपले. एकंदर कामात काँक्रीटची २५,००० हून अधिक पोती, सुमारे १,१५,००० ठोकळे आणि सुमारे ९,००,००० विटा लागल्या. १५ जुलै १९१२ रोजी राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या उपस्थितीत आभारप्रार्थना झाली. वॉकरला राजसन्मान मिळाला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याचा मृत्यू झाला.

१३/ पुढची घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे. १९६४ मध्ये कॅथेड्रलमध्ये वॉकरचा पुतळा बसवण्यात आला. अंगावर पोशाख पाणबुड्याचा होता, चेहरा मात्र अभियंते फॉक्स यांचा! छायाचित्रातला माणूस ओळखण्यात चूक झाली होती. वॉकरचा खरा चेहरा असलेला पुतळा यायला २००१ साल उजाडावे लागले. ज्याने हाताने पाया रचला, त्याचा चेहराच स्मृतीतून निसटला होता.

१४/ आणि तळघर? तिथे आजही पावसाळी महिन्यांत पाणी भरते. अँटनी गॉर्मली यांचे 'साउंड टू' हे शिल्प १९८६ पासून तिथे उभे आहे : ओंजळीतल्या पाण्याकडे पाहणारा एक मनुष्य, बऱ्याचदा स्वतःही पाण्यात उभा. पाणी दरवर्षी येते आणि ओसरते. भिंती उभ्या आहेत.

१५/ भिंतीवरची भेग दिसते, म्हणून आपण आधी ती बुजवायला धावतो. विंचेस्टरमध्ये भेगाही भरल्या गेल्या, पण वास्तू वाचली ती पाणी कुठून येते आणि जाताना काय घेऊन जाते, हे आधी पाहिले गेले म्हणून. त्या उत्तराची किंमत एका माणसाने साडेपाच वर्षे अंधारात चाचपडत मोजली.