पाकिटावर ‘गहू’ लिहिलेलं नाही, म्हणजे फरसाण ग्लुटेनमुक्त आहे का?

शेव बेसनाची, चिवडा पोह्यांचा, वेफर्स बटाट्याचे. यातल्या एकाही पदार्थाच्या मूळ कृतीत गहू नाही. तरीही सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांना असं कुठलंही पाकीट डोळे झाकून घेता येत नाही. गहू घातलेला नसला, तरी तो कारखान्यात किंवा दुकानात त्या पदार्थात मिसळू शकतो. या नकळत होणाऱ्या सरमिसळीला ‘क्रॉस कंटॅमिनेशन’ म्हणतात.

ग्लुटेनचा त्रास नेमका कोणाला?

ग्लुटेन हे गहू, सातू (बार्ली) आणि राय या धान्यांमधलं प्रथिन. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळेच. बहुतेकांना ते सहज पचतं.

सिलिअ‍ॅकमध्ये मात्र ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नातली पोषकद्रव्यं शोषून घेणारं अस्तर खराब होतं. त्यातून जुलाब, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणं, हाडं ठिसूळ होणं असे त्रास होतात. जगात साधारण १ टक्के लोकांना हा आजार असल्याचं मानलं जातं. आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच त्यावरचा उपचार आहे.

त्रास जाणवला नाही, तरी आतड्याचं नुकसान होत राहू शकतं. त्यामुळे ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ हा हिशेब इथे चालत नाही.

थोडंसं म्हणजे किती?

भारतात ‘ग्लुटेन फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात १ किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. अमेरिका आणि युरोपातही हीच मर्यादा आहे.

१ चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम कणकेत अंदाजे २५० ते ३०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. ती १ किलो बेसनात मिसळली, तर मर्यादा १० पटींहून जास्त ओलांडली जाते.

गहू शिरतो कुठून?

- गिरणी: एकाच जात्यावर आधी गहू आणि मग हरभऱ्याची डाळ दळली, तर आतलं उरलेलं पीठ बेसनात येतं.
- कढई: शंकरपाळे आणि शेव एकाच तेलात तळले जातात. तळल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही.
- हिंग: बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंकासोबत मैदा किंवा तांदळाचं पीठ घातलेलं असतं. फोडणीच्या चिवड्यात गहू असाही पोहोचतो.
- मसाला आणि चव: कॉर्नफ्लेक्समध्ये अनेकदा सातूपासून केलेलं माल्ट असतं. सोया सॉसमध्येही बहुतेक वेळा गहू असतो.
- सुटा माल: फरसाणाच्या दुकानात एकच पळी सगळ्या बरण्यांमधून फिरते.

म्हणूनच ‘उपवासाचं’ म्हणजे ‘ग्लुटेनमुक्त’ असं समजू नये. साबुदाणा किंवा राजगिऱ्यात ग्लुटेन नसतं, पण तेल आणि यंत्रं वेगळी असतीलच असं नाही.

पाकिटावर काय पाहायचं?

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्यं घटक म्हणून वापरली असतील, तर ‘कंटेन्स’ असं लिहून ती जाहीर करावी लागतात. सरमिसळीची शक्यता असेल, तर ‘मे कंटेन’ असं वेगळं लिहिता येतं.

इथेच गल्लत होते. ‘मे कंटेन व्हीट’ असेल, तर सिलिअ‍ॅक असलेल्यांनी ते पाकीट टाळावं. पण ही ओळ नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. ‘ग्लुटेन फ्री’ हा दावा असेल, तरच २० मिलिग्रॅमची मर्यादा लागू होते. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो, ग्लुटेनबद्दल नाही. ‘मैदा नाही’ किंवा ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पदार्थातही गहू असू शकतो.

कंपनी तोच पदार्थ पुढे वेगळ्या कारखान्यात बनवू शकते. त्यामुळे नेहमीच्या पाकिटाचं लेबलही दर खरेदीला वाचावं.

मग सगळ्यांनीच ग्लुटेन सोडायचं का?

नाही. आजार नसलेल्यांना या सरमिसळीची चिंता करण्याचं कारण नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा विकार आहे. त्यात काही वेळा लगेच श्वास घेण्यास त्रास होऊ शकतो, म्हणून अशा लोकांनीही लेबल पाहणं गरजेचं आहे.

सिलिअ‍ॅकची शंका असेल, तर मात्र तपासणीआधी स्वतःहून पोळी बंद करू नका. ग्लुटेन खाणं थांबवलं की रक्ततपासणीत आजार सुटून जाऊ शकतो. आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग पथ्य, हाच क्रम योग्य.