कोंबडी पेंगायला लागली तर पहिल्या दिवशी काय करावे? मानमोडी, हगवण, देवी ओळखण्याच्या खुणा आणि बाकीचा कळप वाचवण्याची माहिती

मुंबई उपनगर : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या जिल्ह्यात कोंबड्या कुठे, असं बाहेरच्याला वाटतं. पण आरेतले पाडे, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली वस्ती, गोराई-मनोरीची गावठाणं, मुलुंडच्या डोंगराकडच्या वाड्या इथं दारात पाच-दहा गावठी कोंबड्या आजही दिसतात. घरची अंडी होतात, पाहुणा आला तर सोय होते, अडीनडीला एखादी विकता येते. त्यातली एक आजारली आणि दुर्लक्ष झालं तर आठवड्यात खुराडं रिकामं होऊ शकतं.

आजारी कोंबडी लपवते. शिकाऱ्याच्या नजरेत येऊ नये म्हणून शेवटपर्यंत उभी राहते. त्यामुळं ती पिसं फुगवून कोपऱ्यात पेंगताना दिसली, म्हणजे आजार एक-दोन दिवस आधीच सुरू झालेला असतो. सकाळी खुराडं उघडताना दाणे टाकून कोण धावत येतं आणि कोण मागं राहतं एवढं रोज बघितलं तरी पुष्कळ.

मागं राहिलेली कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. डालग्याखाली नको, कारण डालग्याच्या फटीतून बाकीच्या चोची मारतात आणि शीट बाहेर येते. पुठ्ठ्याचं खोकं किंवा जुना पिंजरा घ्यावा, खाली कोरडा पेंढा किंवा कागद घालावा आणि घराच्या दुसऱ्या बाजूला, वारा-पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवावी. पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ, खायला मऊ भात किंवा भिजवलेली भाकरी. पाणी चोच उघडून जबरदस्तीनं ओतू नये. ते फुफ्फुसात जातं आणि आजारानं नाही तरी त्यानं कोंबडी मरते. चोचीच्या कडेला थेंब लावला की ती आपोआप गिळते.

मग तिला हातात घेऊन नीट बघावं. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी उपाशीपोटी रिकामी असायला हवी. दगडासारखी घट्ट लागली तर दाणा किंवा गवत अडकलंय. शेपटी खाली टाकून, पाय फाकवून उभी राहते आणि सारखा जोर करते, तर अंडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवून, मागच्या बाजूला थोडं खोबरेल लावून अंधाऱ्या जागी शांत ठेवावं. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नये, ते आत फुटतं. पंखाखाली उवा-पिसवा असतील तर तुरा फिका पडतो. कोरडी राख आणि माती एकत्र करून लोळायला दिली की बराच फरक पडतो. हे आजार त्या एका कोंबडीपुरते, उवा-पिसवा सोडून.

पुढचे आजार मात्र पसरतात. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या आल्या तर ती देवी. डासांमुळं फैलावते, म्हणून पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जास्त. खपल्या खरवडू नयेत, त्यातच विषाणू असतो. हळद-खोबरेल लावावं, डोळे पुसून स्वच्छ ठेवावेत. तोंडाच्या आत फोड नसतील तर बहुतेक कोंबड्या सावरतात. लहान पिल्लं रक्ताची हगवण करायला लागली तर ओलं खुराडं हे कारण. आषाढ-श्रावणात खालचा पेंढा रोज बदलणं हाच निम्मा इलाज, औषध डॉक्टरांना विचारून पाण्यातून द्यायचं.

सगळ्यात वाईट ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. चोच उघडून धापा टाकणे, हिरवी-पांढरी पातळ हगवण, मग मान वाकडी होणे, पंख-पाय लुळे पडणे या खुणा. याला औषध नाही. माणसाच्या गोळीचा तुकडा करून द्यायची सवय बऱ्याच घरांत आहे. विषाणूवर त्याचा काही उपयोग होत नाही आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो तो वेगळाच.

मानमोडीवर लस मात्र चांगली आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आर टू बी लसीचं इंजेक्शन. अडचण इतकीच की लसीची बाटली शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि घरात पिल्लं आठ. एकदा कालवलेली लस साधारण दोन तासांत संपवावी लागते. म्हणून पाड्यातल्या सगळ्या घरांनी एक दिवस ठरवून सकाळच्या गारव्यात एकत्र टोचणं हाच मार्ग. लस फ्रीजमधून बर्फाच्या डब्यात आणावी, खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

कळपात रोग बहुतेक वेळा माणूसच आणतो. गटारीसाठी बाजारातून दोन कोंबड्या आणल्या, एक कापली, एक उरली म्हणून खुराड्यात सोडली, आणि दहा दिवसांनी मर सुरू झाली, हे नेहमीचं. नवी कोंबडी किमान तीन आठवडे वेगळी ठेवावी. दाणा-पाणी आधी धडधाकट कोंबड्यांना, शेवटी आजारीला द्यावं. नंतर हात-पाय साबणानं धुवावेत, चप्पल बदलावी. आजारी कोंबडी स्वस्तात विकू नये, नातेवाइकाकडेही पाठवू नये.

एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली तर बर्ड फ्लूची शंका धरावी. देशात तो पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापुरात सापडला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, त्याच सुमाराला मुंबईत मेलेल्या कावळ्यांतही तो आढळला. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत आला, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. अशा वेळी मेलेला पक्षी उघडू नये, कुठं घेऊनही जाऊ नये. पशुसंवर्धन विभागाला 1962 वर कळवावं. नुकसानभरपाई सरकार मारतं त्या जिवंत पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, त्यामुळं लपवण्यात तोटा आपलाच.

एखादीच कोंबडी मेली आणि कारण कळत नसेल तर आधी फोनवर विचारून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे तपासणीची चौकशी करावी. ते परळला आहे, एक परिसर गोरेगावला आरेत आहे.

मेलेली कोंबडी नाल्यात किंवा रानाच्या कडेला फेकू नये. कुत्री ओढत दुसऱ्या पाड्यात नेतात, कुत्र्यांमागं बिबट्या येतो. तीन फूट खड्डा, वर चुना आणि माती. खुराडं रिकामं झालं असेल तर पेंढा जाळून, चुना मारून, निदान तीन-चार आठवडे उन्हात उघडं ठेवल्यावरच नवी पिल्लं आणावीत.