हॉल-स्टँडची कुळकथा

राजवाडे, किल्ले आणि देवळें यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात; खुर्ची, दिवा, कुलूप, खुंटी यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाहीं. वस्तुतः एखाद्या काळचीं माणसें एकमेकांशीं कशीं वागत होतीं हें समजून घ्यावयाचें असेल, तर सिंहासनापेक्षां दाराशेजारची खुंटी अधिक बोलकी साक्ष देते. अलीकडे जुनें फर्निचर विकत घेण्याची आवड मध्यम वर्गाच्या घरांतहि शिरली आहे. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांतून हिंडतांना मधूनमधून एक उंच लांकडी किंवा बिडाची वस्तु भिंतीला पाठ लावून उभी दिसते. मध्यें आरसा, भोंवतीं खुंट्या, कमरेशीं लहानसा खण, खालीं दोन्ही बाजूंस छत्र्यांसाठीं कडीं आणि पायाशीं पाणी झेलणारें तबक. दुकानदार तिला हॉल-स्टँड म्हणतो. घेणारा नक्षी पाहतो, उंची मोजतो, किंमत पाडून मागतो. ती वस्तु कशासाठीं जन्मास आली हें मात्र तो विचारीत नाहीं. आणि तें ठाऊक नसल्यामुळेंच अस्सल कोणती व जोडून उभी केलेली कोणती याचा त्याला उमज पडत नाहीं. म्हणून तिची कुळकथा येथें सांगण्याचें योजिलें आहे.

खुंटी ही कांहीं विलायतेची देणगी नव्हे. वात्स्यायनानें कामसूत्रांत नागरकाच्या खोलीचें जें वर्णन केलें आहे, त्यांत वीणा नागदंताला अडकविलेली आहे. पंचतंत्रांतील संन्यासी उंदराच्या भयानें आपलें भिक्षापात्र नागदंतावरच टांगतो. नाग म्हणजे हत्ती. त्याच्या दांतासारखी भिंतींतून पुढें आलेली खुंटी ती नागदंत. ओळीनें खुंट्या ठोकलेल्या फळीला आपण खुंटाळें म्हणतों, आणि अंगरखा-उपरण्याबरोबर प्रसंगीं लाज व अक्कल हींहि खुंटीलाच टांगण्याची आपली वहिवाट आहे. परंतु खुंटी घरच्या माणसाची सोय पाहते. हॉल-स्टँड उभा राहिला तो बाहेरून येणाऱ्यासाठीं, आणि त्याला जन्म दिला तो एकोणिसाव्या शतकांतील इंग्लिश मध्यम वर्गानें.

मध्ययुगीन इंग्लंडांत ‘हॉल’ म्हणजे घरांतील सर्वांत मोठी जागा. धनी, कुटुंब व चाकरमाणसें तेथेंच एकत्र जेवीत. पुढें कुटुंबाला एकांत हवासा वाटूं लागला, जेवणाची, बसण्याची, निजण्याची अशा खोल्या निराळ्या झाल्या, आणि हॉल आकसत आकसत शहरी घरांत केवळ दारापासून जिन्यापर्यंतचा अरुंद बोळ उरला. नांव मोठें राहिलें, जागा लहान झाली. या बोळांत खोल टेबल किंवा रुंद कपाट मावणें शक्य नव्हतें; मावणार ती उंच व उथळ वस्तुच. हॉल-स्टँडचा घाट असा जागेच्या अडचणींतून ठरला. जॉन लाउडन यानें १८३३ सालीं गृहरचनेवर जो विस्तृत कोश प्रसिद्ध केला, त्यांत टोप्या व छत्र्या ठेवण्याच्या चौकटींचा समावेश आहे. शतकाच्या मध्यापर्यंत ही वस्तु घरोघर पोंचली. केनेथ एम्स या अमेरिकन इतिहासकारानें १८७८ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९७८ सालीं, दिवाणखान्याबाहेरच्या या सामानावर एक विचारप्रवर्तक निबंध लिहिला. पलंग, खुर्ची, मेज यांचीं घराणीं हजारों वर्षांचीं. हॉल-स्टँड मात्र एकोणिसाव्या शतकांत जन्मला आणि विसाव्याच्या आरंभीं मावळला, हा त्याचा विशेष एम्सनें दाखवून दिला. इतकें आखूड आयुष्य लाभलेल्या वस्तूचें वय ओळखणें त्यामुळेंच कांहींसें सोपें जातें.

तिचें एकेक अंग पाहिलें म्हणजे एकेका रिवाजाचा उलगडा होतो. लंडनच्या रस्त्यांत छत्री घेऊन हिंडणारा पहिला पुरुष म्हणून जोनास हॅनवे याचें नांव सांगतात. तो १७८६ सालीं वारला. त्याच्या काळीं छत्री घेणाऱ्या पुरुषाची टवाळी होई. १८५२ सालीं सॅम्युएल फॉक्स यानें पोलादी काड्यांची हलकी छत्री काढली आणि छत्री हें प्रत्येक सभ्य गृहस्थाचें उपकरण झालें. भिजलेल्या छत्रीला घरांत कोठें तरी उभें करावयास हवें. तेव्हां कडीं आलीं, आणि पाणी झेलण्यासाठीं तबक आलें. आरशाची गोष्ट अशीच. १८३५ सालीं लीबिग यानें कांचेवर चांदीचा पातळ थर बसविण्याची रासायनिक कृति शोधून काढली, आणि १८४५ सालीं ब्रिटिश सरकारनें कांचेवरील कर उठविला. एरव्हीं श्रीमंतांच्या महालांत शोभणारा मोठा आरसा मध्यम वर्गाच्या बोळांत येऊन बसला. पाहुण्यानें टोपी काढली, केस सांवरले आणि मगच आंत पाऊल टाकलें.

मधल्या खणावर व फळीवर भेटकार्डांचें तबक असे. यजमानीणबाई भेटणार कीं नाहीं हें कार्डावरून ठरे. नोकर कार्ड आंत घेऊन जाई, आणि पाहुणा आरशांत स्वतःचें तोंड पाहत उत्तराची वाट बघे. ‘बाईसाहेब घरीं नाहींत’ या उत्तराचा अर्थ त्या घरीं नाहींतच असा होई असें नाहीं. आज भेटणार नाहींत, एवढाच तो बहुधा असे.

या स्टँडशेजारीं ‘हॉल-चेअर’ नांवाची एक खुर्ची ठेवीत. तिची पाठ कोरीव असे, क्वचित् तीवर घराण्याचें चिन्ह रंगविलेलें असे. पण बैठक सपाट लांकडाची, गादीवांचून. ओले व मळके कपडे गादीला लागूं नयेत हें तिचें एक कारण. दुसरें कारण असें कीं, तीवर बसणारा मनुष्य पाहुणा नव्हेच. निरोप्या, हिशेब घेऊन आलेला दुकानदार, नोकरी मागावयास आलेला उमेदवार, यांनीं तेथें बसावें, आणि फार वेळ बसवूं नये. ज्याला भेटीचा मान होता तो आंतल्या मऊ आसनावर जाई. ज्याला नव्हता तो बाहेरच्या कठीण फळीवर राही. टोप्या-छत्र्या संभाळणारें तें सामान माणसांचीहि निवड करी. हा या कुळकथेंतील गाभा आहे, आणि नक्षीच्या भरांत तोच नेमका नजरेआड होतो.

मागणी वाढली तसे कारखाने पुढें आले. १७०९ सालीं अब्राहम डार्बी यानें जेथें दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलें, त्याच कोलब्रुकडेलच्या कंपनीनें बिडाचे नक्षीदार स्टँड ओतले. ख्रिस्तोफर ड्रेसरसारखा नामांकित कलावंत तिच्यासाठीं आराखडे करी. अमेरिकेंत मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स हें फर्निचरचें माहेर बनलें, आणि शतकाच्या अखेरीस ओक लांकडाचे, खालीं झांकणाची बैठक असलेले स्टँड यंत्रांवर मोठ्या संख्येनें निघूं लागले. व्हिएन्नांत मात्र मायकेल थोनेट यानें निराळीच वाट काढली. बीच झाडाच्या काठ्या वाफेंत मऊ करावयाच्या, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी बांधावयाची म्हणजे वांकवितांना तंतु तुटत नाहींत, आणि सांच्यांत वाळवावयाच्या. या कृतीचा हक्क त्याला १८५६ सालीं मिळाला व १८६९ सालीं संपला. मग कोन आदि प्रतिस्पर्धी कारखाने निघाले. थोनेटच्या सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटींत मावत, म्हणून त्या समुद्रापार गेल्या. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांत ज्या गोलसर पाठीच्या खुर्च्या आपण पाहतों, त्या याच वंशाच्या. वरून फांद्यांसारखे वळलेले हात फुटलेला, झाडासारखा सडपातळ कोट-स्टँड हा त्यांचा सख्खा भाऊ.

आपल्याकडे हॉल-स्टँड आला तो साहेबाच्या बंगल्याबरोबर. मुंबईचे कारागीर शिसवी लांकडावर दाट कोरीव काम करून युरोपियन व पारशी गिऱ्हाइकांस फर्निचर पुरवीत, आणि पुढें सागवानी स्टँड वकील-डॉक्टरांच्या घरांतहि दिसूं लागले. परंतु वस्तु आली तरी तिच्यामागचा रिवाज आला नाहीं. साहेब आदर दाखवावयाचा तर डोकें उघडें करी आणि बूट पायांत ठेवी. आपण पगडी डोक्यावर ठेवीत असूं आणि जोडा उंबरठ्याबाहेर काढीत असूं. आदराचे हे दोन आचार एकमेकांच्या अगदीं उलट. त्यामुळें मराठी घरांत या स्टँडवर पाहुण्याची पगडी क्वचित्‌च चढली. घरधन्याच्याच टोप्या, कोट, काठ्या व छत्र्या तेथें नांदल्या. पण माणसांची निवड करण्याच्या बाबतींत आपलें घर साहेबाच्या घराला मागें सारील असें होतें. अंगणांतून बोलून परत जाणारा कोण, पडवीवर बसणारा कोण, ओसरीवर कोण, माजघरापर्यंत कोण, हें जात, पैसा आणि नातें पाहून ठरलेलें असे. तेथें कठीण खुर्चीची गरजच नव्हती. पायऱ्याच तें काम करीत.

विसाव्या शतकांत हॉल-स्टँडचे दिवस भरले. टेलिफोननें भेटकार्डाची जागा घेतली, नोकरवर्ग घटला, घरें लहान झालीं, भिंतींत कपाटें आलीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर टोपीहि डोक्यावरून उतरली. १९५३ सालीं चार्ल्स व रे ईम्स या दांपत्यानें तारांच्या चौकटीवर रंगीत लांकडी गोळे बसवून मुलांसाठीं एक कपडे-टांगणी काढली. तिच्यांत आरसा नाहीं, खण नाहीं, वाट पाहावयास लावणें नाहीं. नागदंत पुन्हा नुसती खुंटी झाला.

आतां विकत घेणाऱ्यानें काय पाहावें? प्रथम पाठ पाहावी. दर्शनी बाजू कोणालाहि रंगवितां येते. पाठीचें लांकूड सर्वत्र सारखें काळवंडलेलें आहे कीं मध्येंच एखादी फळी कोरी दिसते, तें पाहावें. जुन्या पलंगाचें डोकें, कपाटाचें दार व आरशाची चौकट जोडून ‘हॉल-स्टँड’ उभा करण्याची कला सर्व देशांत प्रचलित आहे. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकांत प्रचारांत आले. ते दिसल्यास निदान दुरुस्ती तरी मागाहूनची. तबक आणि खुंट्या हरवलेल्या असणें सामान्य आहे. एकाच घाटाच्या सर्व खुंट्या व मूळचें तबक असेल तर त्याला अधिक मोल द्यावें.

ब्रिटिश बिडाच्या स्टँडवर क्वचित् शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का आढळतो. आराखड्याच्या नोंदणीची ही खूण १८४२ ते १८८३ पर्यंत चालू होती. माथ्यावरच्या वर्तुळांतील रोमन आंकडा एक असेल तर वस्तु धातूची, दोन असेल तर लांकडाची. वर्षाचें अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यांत व त्यानंतर उजव्या कोपऱ्यांत असे. १८८४ पासून शिक्क्याऐवजीं नुसता क्रमांक आला. मात्र हा शिक्का आराखडा कधीं नोंदला तें सांगतो. ओतकाम पुढें कित्येक वर्षें चालूं शके. जुन्या स्टँडवरून सांचा काढून नवें ओतलेलें बीड नक्षींत बोथट असतें, आणि थंड होतांना बीड शेंकडा एकाच्या सुमारास आकसत असल्यामुळें नक्कल मूळाहून किंचित् लहान भरते.

आरशावर डाग असतील तर ते काढण्याची घाई करूं नये. फार जुन्या आरशाच्या पाठीवर कथील व पारा यांचा थर असतो. तो खरवडणें प्रकृतीला घातक आहे. लांकडांतील किडीच्या भोकांतून ताजा भुसा गळत असेल तर किडीचा बंदोबस्त झाल्याखेरीज तें लांकूड इतर सामानाशेजारीं ठेवूं नये. स्टँड उंच व उथळ, वरचा आरसा जड. घरांत मुलें असतील तर तो भिंतीस पक्का बांधावा. आणि आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तु पुराण-वस्तु ठरूं शकते व ती परदेशीं नेण्यास बंदी आहे, हें परदेशस्थ आप्तांसाठीं खरेदी करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

शेवटीं एक प्रश्न उरतो. ज्या रिवाजासाठीं ही वस्तु झाली तो रिवाज गेला असतां ती घरांत आणावीच कां? त्याचें उत्तर आपल्या पावसांतच आहे. टोपी गेली, कार्डें गेलीं. छत्री मात्र आषाढ-श्रावणांत अजून दारांत ठिबकत उभी असते. ज्या वस्तूला आजहि काम आहे ती शोभेची राहत नाहीं, घरची होते. म्हणून स्टँड घ्यावा तो वापरण्यासाठीं. खुंट्यांवर हातांनीं चढविलेली झळाळी पुसून त्याला नवा कोरा करूं नये, कारण ती झळाळी हाच त्याचा इतिहास. पण त्या इतिहासांतील सर्वच गोष्टी जतन करण्याजोग्या नसतात. दारांत निरोप, पार्सल किंवा हिशेब घेऊन येणारा मनुष्य आजहि येतो, आणि भिजून येतो. स्टँडबरोबर ती कठीण बैठकीची खुर्चीहि दुकानदार देऊं लागला तर अवश्य घ्यावी. मात्र तीवर एक उशी टाकावी, आणि येणाऱ्याला बसा म्हणावें.