रिमिनीचा समुद्रमुक्काम

रिमिनी हे इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरचे शहर रोमनांनी इ.स.पू. 268 मध्ये वसवले. रोमहून येणारा फ्लामिनिया मार्ग इथे संपतो आणि उत्तरेकडे जाणारा एमिलिया मार्ग इथूनच निघतो. ऑगस्टसची कमान आणि तिबेरियसचा दगडी पूल या रस्त्यांच्या जोरावर उभे राहिले. समुद्र मात्र शहराच्या पाठीमागेच राहिला. वाळूच्या टेकाडांपलीकडचा तो किनारा कोळ्यांचा होता, आणि हौसेने तिथे कोणी राहायला जात नसे. मुक्कामासाठी लोक तिथे जाऊ लागले ते गेल्या पावणेदोनशे वर्षांत.

सुरुवात झाली ती औषधोपचारातून. 30 जुलै 1843 रोजी काउंट घराण्यातील बाल्दिनी बंधूंनी क्लाउदियो तिन्तोरी या डॉक्टरच्या साथीने पहिले स्नानगृह उघडले. रिमिनीवर तेव्हा पोपचे राज्य होते. पाण्यात रोवलेल्या खांबांवर लाकडी इमारत उभारली होती, आणि पुरुषांच्या व स्त्रियांच्या खोल्या वेगळ्या होत्या. खारे पाणी औषध मानले जाई, त्यामुळे किती दिवस राहायचे हे रोगी नव्हे, डॉक्टर ठरवी. स्नानांचा पूर्ण क्रम संपेपर्यंत मुक्काम हलत नसे.

1861 मध्ये बोलोन्याहून रिमिनीमार्गे अंकोनाला जाणारी रेल्वे सुरू झाली आणि किनारा शहरवासीयांच्या आवाक्यात आला. रूळ जुने शहर आणि समुद्र यांच्या मधूनच गेल्याने रिमिनीचे दोन भाग पडले, ते आजही तसेच आहेत. पुढे नगरपालिकेने स्नानगृहाचा कारभार हाती घेतला. जलोपचाराच्या देखरेखीसाठी पाओलो मान्तेगात्सा हे नामवंत वैद्य आले आणि 1873 मध्ये नाचगाणी, मेजवान्या व वाचनासाठी कुर्साल ही भव्य वास्तू उघडली. 1908 मध्ये ग्रँड हॉटेल सुरू झाले. आता श्रीमंत कुटुंबे ट्रंका आणि नोकरचाकर घेऊन सगळा उन्हाळा काढायला येऊ लागली. उपचार हे निमित्त उरले.

त्याच वेळी गरिबांच्या मुलांसाठीही हा किनारा खुला झाला. गंडमाळा झालेल्या मुलांना समुद्राची हवा मिळावी म्हणून फ्लॉरेन्सचे डॉक्टर बारेल्लाई यांनी सागरी आरोग्यगृहांची चळवळ उभारली होती. रिमिनीचा समुद्र दूरवर उथळ, तळाशी मऊ वाळू, त्यामुळे लहान मुलांना तो मानवला. फॅसिस्ट राजवटीने या कल्पनेचा राजकीय वापर करून किनाऱ्यावर मुलांच्या प्रचंड वसाहती बांधल्या. त्यांतील बऱ्याच इमारती आज ओस पडल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 च्या अखेरीस, शहरावर बॉम्बहल्ले सुरू झाले. जर्मनांची गॉथिक संरक्षणफळी या किनाऱ्याजवळ समुद्राला भिडत होती. 21 सप्टेंबर 1944 रोजी शहर मुक्त झाले तेव्हा बहुतेक इमारती पडल्या होत्या किंवा मोडकळीस आल्या होत्या; तिबेरियसचा पूल मात्र टिकला. या आघाडीवर भारतीय पलटणीही होत्या. रिमिनीच्या वायव्येकडील सेनिओ नदीवर एप्रिल 1945 मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. रिमिनीजवळच्या युद्धस्मशानभूमीत गुरखा सैनिकांच्या कबरी आहेत आणि दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे स्मारकही आहे. समुद्रावर येणाऱ्या फार थोड्यांना याची माहिती असते.

ढिगाऱ्यांतून उभा राहिला तो 'पेन्सिओने'चा काळ. पेन्सिओने म्हणजे एका कुटुंबाने चालवलेली खानावळीसह राहण्याची सोय: एकाच दरात खोली आणि तीन वेळचे जेवण. उन्हाळ्यात घरची माणसे स्वतःच्या खोल्या पाहुण्यांना देत आणि तळघरात किंवा गच्चीखालच्या जागेत झोपत. रिमिनीच्या पर्यटनाची गोष्ट नेहमी ग्रँड हॉटेलपासून सांगितली जाते, पण शहर सावरले ते पेन्सिओने चालवणाऱ्या बायकांच्या कष्टांवर. शेती सोडून आलेल्या या स्त्रिया पहाटे बाजारहाट करत, दिवसभर रांधत आणि रात्री हिशेब लिहीत. तिकडे किनाऱ्यावर पुरुष 'बान्यीनो' झाले. छत्र्या मांडणे, खुर्च्या देणे आणि बुडणाऱ्याला वाचवणे हे त्यांचे काम. कामगारांना मिळणारी पगारी रजा, 1955 मध्ये आलेली फियाट 600 आणि नवे महामार्ग यांमुळे पंधरवड्याची सुट्टी सर्वसामान्यांची झाली. जर्मनीतूनही कुटुंबे येऊ लागली. तेच घर, तीच छत्री, दरवर्षी तेच शेजारी. पुढच्या वर्षीची खोली निघतानाच ठरलेली असे.

1989 च्या उन्हाळ्यात एड्रियाटिकवर शेवाळापासून तयार झालेला चिकट फेस पसरला आणि पाहुणे पळाले. शहराला केवळ पोहण्यावर विसंबून चालणार नव्हते. प्रदर्शने, परिषदा, नाचघरे, जलक्रीडा उद्याने यांवर भर वाढला. मुक्काम पंधरवड्यावरून तीन-चार रात्रींवर आला. रिमिनीत जन्मलेल्या चित्रपट दिग्दर्शक फेडेरिको फेलिनीच्या नावाचे संग्रहालय 2021 मध्ये उघडल्यावर पाहुणे रुळांच्या अलीकडच्या जुन्या शहरातही थांबू लागले.

आजच्या छोट्या मुक्कामासाठी जून किंवा सप्टेंबर हे महिने सर्वांत सोयीचे. 15 ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या आसपास सारी इटली किनाऱ्यावर लोटते, तेव्हा खोली बरीच आधी ठरवावी लागते. हिवाळ्यात समुद्रालगतची बरीच लहान हॉटेले बंद असतात. कमानीपासून पुलापर्यंतचा जुन्या शहरातला सरळ रस्ता पायी सहज पार होतो.