शनवार तेली आणि आठवड्याची पराशा

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागात आमच्या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे शिवभक्त ते सोमवार तेली, शनिवारी बैल न जुंपणारे ते आम्ही, बेने इस्राएल ज्यू. शनिवारी घाणा का थांबवायचा, हे शेकडो वर्षं कोणाला नीट सांगता आलं नसतं. धर्मग्रंथ जवळ नव्हता. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, अशी आमची कुळकथा. पोथ्या म्हणे समुद्रात गेल्या. उरलं ते एवढंच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले-पर असलेलीच मासळी, शनिवारची सुटी आणि प्रत्येक प्रसंगी म्हणायची ‘शेमा’ ही प्रार्थना. बारसं असो की मयत, शेमाच.

ग्रंथ परत आला तो हळूहळू, बराचसा कोचीनच्या ज्यू शिक्षकांच्या हातून. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आमचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. हे दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेतले, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. सुटकेबद्दल देवाचे आभार म्हणून त्यांनी ते बांधलं, असं सांगतात. माझी आजी शेवटपर्यंत त्याला मशीदच म्हणायची. सिनेगॉग हा शब्द तिच्या तोंडी कधी बसला नाही.

तोराचे, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचे, वर्षभरात चोपन्न भाग वाचायचे, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, त्या आठवड्याचा भाग, म्हणजे पराशा. काही वेळा दोन पराशा एका शनिवारी जोडून घ्यायच्या. चामड्यावर हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत. वाचणाऱ्याला सगळं आधीच घोटून ठेवावं लागतं. शेवटची पराशा संपली की त्याच दिवशी पुन्हा ‘आरंभी’पासून सुरुवात. आजोबा सुरेख वाचत. अर्थ विचारला तर मात्र चिडत.

अर्थ आजी सांगायची. तिला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, पण कोणत्या आठवड्यात काय येतं ते पाठ होतं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणाऱ्या ‘तेत्सावे’ पराशेच्या सुरुवातीला दिव्यासाठी निर्मळ, कुटून काढलेलं जैतुनाचं तेल आणायची आज्ञा आहे. थोर भाष्यकार राशी सांगतात की दिव्यासाठीची फळं उखळात कुटायची, घाण्यात दळायची नाहीत. पहिला थेंब दिव्याला, मग उरलेला चोथा दळून निघेल ते तेल अन्नार्पणाला. राशीचं नाव आजीने ऐकलं नसावं. पण गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती, आणि तेल्याच्या घरची असल्यामुळे तिला ती पुस्तकी माणसांपेक्षा जास्त कळत होती. ती म्हणायची, ‘‘गं, पहिली धार चुलीला नाही, दिव्याला.’’ पहिल्या पगाराच्या दिवशी मला हे ऐकवलं गेलं आहे.

गणपतीच्या आगेमागे ‘की तेत्से’ येते. पिशवीत लहान-मोठी अशी दोन वजनं ठेवू नयेत, हे तिच्या शेवटी शेवटी आहे. तेल मापून विकणाऱ्या घरात याला प्रवचनाची गरज नव्हती. आणि एक गंमत: नोहाची पराशा दिवाळीच्या आसपास वाचतात. म्हणजे कोकणातला पाऊस आवरला की मग आमच्याकडे महापूर यायचा!

अर्थाची ही भूक जुनीच आहे. बाबेलहून परतलेल्या लोकांपुढे एज्राने नियमशास्त्र वाचलं, तेव्हा लेवी कुळातल्यांनी लोकांना ते समजावलं, असं नहेम्याच्या पुस्तकात आहे. पुढे वाचणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ओळीमागून ओळ अरामी भाषेत सांगणारा दुभाषी असे. तालमूद या धर्मशास्त्राच्या ग्रंथाने तर नियमच घातला: आठवड्याचा भाग दोनदा मुळात वाचा, एकदा भाषांतरात.

आमची अरामी म्हणजे मराठी. पण ही सोय आधी आमच्या पंडितांनी केली नाही. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, ते आम्हाला ख्रिस्ती करण्याच्या आशेने. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं, आशा परत केली. मग जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1874 मध्ये पुण्यात मराठी अर्थासह हागादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात.

पण खरं काम केलं कीर्तनाने. 1880च्या सुमारास मुंबईत आमच्या मंडळींनी हरिदासांची पद्धत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीत रचली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातले नावाजलेले रचनाकार. पराशेत अब्राहाम मुलाला बळी द्यायला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघतो तेव्हा मुलाच्या आईबद्दल, साराबद्दल, एक अक्षर नाही. आजी मात्र त्या ठिकाणी कीर्तनातल्या साराचं रडणं गुणगुणायची. मला वाटतं, तोराचं खरं वाचन तिथे होत होतं. माझं हे मत प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हज्जानसाहेबांना बिलकुल मान्य नाही.

1948 नंतर बहुतेक घरं इस्राएलला, दिमोना, लोद, अश्दोदकडे गेली. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत राहिलं, कीर्तनं मात्र क्वचित. अश्दोदचा माझा भाचा पराशा वर्तमानपत्रासारखी सरसर वाचतो. एकदा मी फोनवर विचारलं, ‘‘अरे, सारा कुठे होती त्या दिवशी?’’ म्हणाला, ‘‘मावशी, ते लिहिलेलं नाही.’’ भाषा कळते, त्यामुळे त्याला काही विचारावंसंच वाटत नाही, ही माझी त्याच्याबद्दलची तक्रार आहे.