शाश्वतता-प्रचार, कंपन्यांचा : राजूर परिसराच्या संदर्भात

आपल्या व्यवसायाचा निसर्गावर आणि समाजावर होणारा परिणाम, तो सावरण्यासाठी केलेली कामे आणि पुढची उद्दिष्टे कंपन्या संकेतस्थळ, यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक, लिंक्डइन अशा माध्यमांतून लोकांपुढे मांडतात. या व्यवहाराला कंपन्यांचा शाश्वतता-प्रचार म्हणतात. त्यात तीन निराळ्या गोष्टी एकाच छपराखाली नांदतात : कायद्याने सक्तीचा केलेला अहवाल, ‘हिरव्या’ उत्पादनाची जाहिरात आणि कुठल्यातरी गावात झालेल्या चांगल्या कामाची चित्रफीत. पहिल्या दोहोंवर आता नियमांचा पहारा आहे. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त पाहिली जाते आणि सर्वांत कमी तपासली जाते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या राजूरसारख्या ठिकाणाहून पाहिले की यातली उणीव नेमकी दिसते. ज्या गावाचे नाव आणि चेहरे घेऊन प्रचार होतो, त्या गावाला तो पडताळता येत नाही आणि खोडताही येत नाही. उलट उत्तर देण्याची सोय असेल तरच असा प्रचार शाश्वततेच्या कामी येतो. पाहणाऱ्यांची संख्या कितीही वाढली तरी तिने ही उणीव भरून निघत नाही, अशी या नोंदीची भूमिका आहे.

राजूर ही अकोले तालुक्यातली, प्रवरेच्या वरच्या खोऱ्यातली बाजारपेठ. भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांना ती पेढ्यांमुळे माहीत असते, शेतकऱ्यांना डांगी जनावरांच्या प्रदर्शनामुळे, तर महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांना एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयामुळे. तालुक्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा भागात कंपन्यांचा पैसा येण्यामागे कायदा आहे : २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करणे त्यामुळे भाग पडले. २०२२-२३ मध्ये हा खर्च देशभरात सुमारे ३०,००० कोटी रुपये होता आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा. मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर टाकावेत, असेही नियम सांगतात. म्हणजे कागदोपत्री माहिती उघड आहे. परंतु सरकारला सादर करायच्या सीएसआर-२ विवरणपत्रात प्रकल्पाचे ठिकाण विचारले जाते ते राज्य आणि जिल्हा एवढेच. इमारतीसारखी भांडवली मालमत्ता उभी राहिली तर पूर्ण पत्ता आणि पिनकोडही द्यावा लागतो. बंधारा, बियाण्यांचे वाटप किंवा प्रशिक्षण यांबाबत मात्र जिल्ह्यावर भागते. महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या, १७,०४८ चौरस किलोमीटर आणि चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात तेवढ्याने काहीच कळत नाही. घाटघर-रतनवाडीचा धो धो पाऊस आणि पाथर्डी-जामखेडचे अवर्षण या एकाच नावात बसतात. काम सुपे औद्योगिक वसाहतीच्या कुंपणालगत झाले की कळसूबाईच्या पायथ्याशी, हे नोंद वाचून सांगता येत नाही. या रिकाम्या जागेत चित्रफीत शिरते. तिच्यात हिरवा डोंगर असतो, डोक्यावर हंडा घेतलेली बाई असते; गावाचे नाव असते किंवा नसते.

या परिसरातून जगभर गेलेले सर्वांत मोठे चित्र म्हणजे कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी शेतकरी बाईंनी वाल, भात, भाजीपाला यांची गावठी बियाणी जपली आणि बायफ या संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या दोहोंच्या मध्ये, २०१९ साली, अच्युतानंद द्विवेदी यांच्या ‘सीड मदर’ या तीन मिनिटांच्या लघुपटाला ‘नेस्प्रेसो टॅलेंट्स’ या स्पर्धेत तिसरे पारितोषिक मिळाले. बातम्यांत त्याचा गाजावाजा ‘कानमधील पुरस्कार’ असा झाला. पारितोषिके कानमध्ये, चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत दिली गेली हे खरे. पण स्पर्धा नेस्ले समूहातल्या कॉफी कंपनीची होती. चित्रपट मोबाइलवर पाहण्याजोगा उभ्या चौकटीचा हवा, ही तिची अट होती आणि त्या वर्षीचा विषय होता अन्न. या कंपनीचे उत्पादन म्हणजे एकदा वापरून टाकायच्या ॲल्युमिनियमच्या कुपीतली कॉफी, आणि त्या कुप्यांच्या कचऱ्यावरून तिला वर्षानुवर्षे बोल लागत आलेले. कोंभाळण्याच्या बियाण्यांसाठी आपण काही केले, असा दावा कंपनीने केला नाही. तेव्हा खोटेपणाचा आरोप इथे लागू होत नाही. तरीही डोंगरातल्या एका बाईच्या कामाचे पुण्य तीन मिनिटांत एका बोधचिन्हाच्या शेजारी येऊन बसते आणि पाहणाऱ्याच्या मनात दोन्ही चांगुलपणे मिसळतात. शाश्वतता-प्रचाराचे आजचे सामर्थ्य दाव्यापेक्षा या शेजारात अधिक आहे, आणि शेजार कुठल्याही कायद्याने मोजता येत नाही.

यावर आक्षेप उघड आहे : प्रसिद्धी मिळाली नसती तर कोंभाळणे कोणाला ठाऊक झाले असते? आक्षेप वजनदार आहे. बियाणी मागायला दूरदूरचे शेतकरी आले, शासनाचे लक्ष गेले, गावठी वाणांना प्रतिष्ठा आली, आणि यात पडद्याचा वाटा नाकारणे कोतेपणाचे ठरेल. पण प्रसिद्धीने कोणती माहिती पसरली तेही पाहावे. बियाणे बँकेत वाण किती, याचा आकडा एका मजकुरात ४३, दुसऱ्यात शंभराच्या वर, तिसऱ्यात दीडशेच्या पुढे असा फिरत राहिला. वाण आणि पिके यांतला फरक कुठे पाळला गेला, कुठे नाही. बियाणे जपणाऱ्या बाईला हा फरक तोंडपाठ असतो. चूक झाली ती तिच्याकडे परत न येता पुढे पुढे जाणाऱ्या मजकुरात. वाणांच्या याद्या मराठीत, गावाच्या दुरुस्तीसह, ऑनलाइन ठेवणे हे लघुपटापेक्षा कमी आकर्षक आणि बियाण्यांच्या दृष्टीने जास्त उपयोगाचे काम आहे.

काजव्यांचे उदाहरण याहून अडचणीचे, कारण तिथे प्रचार यशस्वी झाला हाच प्रश्न झाला. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीत ग्रासरूट्स या उपक्रमाने या शतकाच्या पहिल्या दशकात गावकऱ्यांच्या घरी राहण्याचे, गावाच्या हाती पैसा देणारे पर्यटन सुरू केले. शाश्वत व्यवसाय म्हणून त्याची मांडणी सरळ आहे : पाहुणे मोजके, यजमान गावकरी, जेवण चुलीवरचे. मेअखेर ते पावसाच्या तोंडापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजवे लुकलुकतात, ते पाहायला लोक येतात. मात्र ‘मोजके पाहुणे’ हा भाग इन्स्टाग्रामवर पोहोचत नाही. पोहोचतो तो झगमगणाऱ्या झाडाचा फोटो. भंडारदरा आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हंगामातल्या शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागू लागल्या आणि वनविभागाला रात्रीच्या प्रवेशावर बंधने घालावी लागली. काजव्यांचे चमकणे म्हणजे जोडीदाराला दिलेली साद. गाडीच्या हेडलाइटमध्ये आणि मोबाइलच्या उजेडात ती हरवते. जबाबदारीने पर्यटन करणाऱ्याचा आणि कसलीच जबाबदारी न घेणाऱ्याचा फोटो एकाच टॅगखाली दिसतो, आणि पहिल्याने कमावलेला विश्वास दुसरा फुकटात वापरतो. अशा ठिकाणी ‘आज जागा भरली, येऊ नका’ हा संदेशसुद्धा शाश्वतता-प्रचारच आहे, बहुधा सर्वांत प्रामाणिक. पण संख्येवर जगणाऱ्या माध्यमात तो पुढे ढकलला जात नाही.

समाजमाध्यमांनी कंपनीला खरोखर वळण लावले, अशी जी उदाहरणे आहेत त्यांत बोलणारी बाजू कंपनीची नव्हती. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने नेस्लेच्या किटकॅटच्या पामतेलासाठी इंडोनेशियातली जंगले तुटतात, असे सांगणारी चित्रफीत प्रसारित केली. नेस्लेने ती काढून घ्यायला लावण्याचा प्रयत्न केला, फेसबुक पानावर टीकाकारांना टोमणे मारणारी उत्तरे दिली गेली आणि प्रकरण आणखी पेटले. मे महिन्यात कंपनीने जंगलतोडीशी जोडलेला माल न घेण्याचे धोरण जाहीर केले. दुसरे उदाहरण मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरचे. कोडाईकनालचा तिचा पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला होता. पाऱ्याने आजारी पडल्याचे सांगणारे कामगार तेव्हापासून दाद मागत होते. दरम्यान २०१० पासून मातृकंपनी आपली शाश्वत जीवनाची योजना जगभर मिरवत होती. २०१५ च्या जुलैअखेरीस सोफिया अश्रफ यांचे ‘कोडाईकनाल वोन्ट’ हे रॅप गाणे यूट्यूबवर आले, लाखोंनी पाहिले, आणि मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. गाण्यामुळेच तो झाला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. न्यायालयीन लढाई आणि संघटनेची पंधरा वर्षे त्यामागे होती. तरी एवढे दिसते की कंपनीने स्वतःच शाश्वततेचा एवढा मोठा फलक लावला होता म्हणून ते गाणे इतके बोचले. दावा जेवढा जाहीर, तेवढी त्याला धरून जाब विचारण्याची सोय मोठी. मात्र ते गाणे इंग्रजीत होते आणि त्यामागे शहरी मोहिमेची ताकद होती. राजूरच्या पश्चिमेकडच्या वाडीत फुटक्या बंधाऱ्याबद्दल असे गाणे कोणी रचत नाही.

नियमांची जाळी अलीकडे बरीच घट्ट झाली आहे. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. फेब्रुवारी २०२४ पासून जाहिरात मानक परिषदेचे पर्यावरणविषयक दाव्यांचे निकष लागू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ‘पर्यावरणस्नेही’ सारख्या शब्दांना पुरावा जोडणे बंधनकारक केले. तो क्यूआर कोडमधून देण्याचीही मुभा आहे. पण हे सारे उत्पादन आणि सेवा यांच्याभोवती फिरते. आमची वाढ शाश्वत तत्त्वांवर होईल, असे एखादी कंपनी मोघम म्हणाली तर तो दावा धरला जात नाही. आमची सर्व उत्पादने शाश्वत पद्धतीने बनतात, असे म्हणाली तर तपासला जातो. मग ‘आम्ही डोंगरातल्या गावांना पाणी दिले’ हे वाक्य कुठे बसवायचे? ते उत्पादनाबद्दल नाही. सामाजिक दायित्वाचे नियम विपणनाच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरत नाहीत. परंतु झालेल्या कामाचे चित्रण करून त्याच लाभासाठी वापरणे त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहते.

लेखापरीक्षकांचे प्रमाणपत्र पुरेसे आहे, असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात : ती तपासणी प्रामुख्याने उत्सर्जन, पाणी, ऊर्जा, कचरा अशा कंपनीपातळीवरच्या आकड्यांची असते. सेबीच्या अहवालात सामाजिक कामाचे ठिकाण विचारले जाते तेही आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांपुरते. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, धाराशिव आणि गडचिरोली त्या यादीत आहेत. साखरपट्ट्यामुळे अहिल्यानगरची सरासरी वर जाते आणि अकोले तालुक्याचा डोंगराळ डांगाण भाग हिशेबातून निसटतो. दुसरा आक्षेप असा की इतकी चौकशी लावली तर कंपन्या बोलणेच सोडतील. काही सोडतील. खर्च मात्र कायद्याने करावाच लागतो, त्यामुळे गप्प बसल्याने काम थांबत नाही, फार तर चित्रफिती कमी होतील, आणि तो तोटा सोसण्यासारखा आहे. तिसरा आक्षेप गावांच्या बाजूने येतो : डोंगरात मोबाइलला धड रेंज नाही, ऑनलाइन मराठी अहवालाचे तिथे कोण काय करणार? याचे उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात सापडते. इथल्या रोजगार हमी योजनेच्या वाटेने पुढे गेलेल्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक काम गावनिहाय संकेतस्थळावर आणले, नंतर त्याला स्थाननिश्चितीची छायाचित्रे जोडली आणि सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले. अंमलबजावणीत खोट होती, खोटी हजेरीपत्रकेही निघाली. पण ती खोटी आहेत हे सांगता आले ते गावनिहाय नोंद होती म्हणून. सरकारी मजुरीच्या कामाला जे जमते ते कंपनीच्या बंधाऱ्याला जमू नये, असे काही नाही.

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याचे आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांचे बळ आहे. कंपनीने गावातल्या कामाचा एक पानी मराठी गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवावा, तिथे निघालेले आक्षेप इतिवृत्तासह आपल्या संकेतस्थळावर तसेच टाकावेत आणि त्या कामाच्या प्रत्येक चित्रफितीखाली त्या पानाचा दुवा द्यावा. यासाठी नवा कायदाही लागत नाही. हल्लीच्या विवरणपत्रात जिल्ह्याच्या शेजारी तालुका आणि गाव असे दोन रकाने वाढले की बरेच काम होईल. नामांतरानंतर तर त्यांची गरज वाढली आहे : जुने अहवाल ‘अहमदनगर’ खाली, नवे ‘अहिल्यानगर’ खाली, आणि एकाच गावातल्या कामाचा दहा वर्षांचा माग काढायचा तर आज दोन नावांनी शोध घ्यावा लागतो.