बरणीच्या तळाचे पाणी



गाजर, मुळा, काकडी, पत्ताकोबी मिठाच्या पाण्यात आंबवून बरण्या भरायचे काम आता बऱ्याच बचत गटांत सुरू झाले आहे. भाजी संपते आणि बरणीत आंबट-खारट पाणी उरते. त्याचे करायचे काय? मोरीत ओतले तर मीठ वाया जाते, परसबागेत ओतले तर माती खारट होते. आज मी या पाण्याचा इतिहास सांगणार आहे, कारण जगातल्या अनेक स्वयंपाकघरांत ते कधीच टाकाऊ नव्हते.

सुरुवात एका शब्दापासून करू. लॅटिन भाषेत मिठाला 'साल' म्हणतात. त्यावरूनच 'सॅलड' शब्द आला. त्याचा मूळ अर्थ मीठ लावलेली भाजी. 'सॉस'सुद्धा त्याच घरातला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये कोलुमेला नावाच्या लेखकाने शेतीवर 12 भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा शेवटचा भाग शेतघर सांभाळणाऱ्या कारभारणीच्या कामांविषयी आहे. भाज्या टिकवायला दोन गोष्टी सगळ्यांत गरजेच्या, असे तो सांगतो: शिरका आणि कडक खारे पाणी. हे पाणी बनवणे हेच मोठे काम असे. पाणी पुरेसे खारट झाले का, हे बघायला त्यात ताज्या चीजचा तुकडा टाकायचा. बुडाला तर पाणी अजून कच्चे, तरंगला तर तयार. ज्या पाण्यासाठी एवढी मेहनत, ते स्वस्त कसे असेल?

आता रशियाकडे जाऊ. तिथे हिवाळा लांब, म्हणून काकड्या आंबवून पिंपे भरून ठेवायची रीत. त्या पाण्याला 'रस्सोल' म्हणतात आणि ते घालून केलेल्या सुपाला 'रस्सोल्निक'. त्यात आंबवलेल्या काकड्या आणि जव असतात, पण पदार्थाला नाव मिळाले ते पाण्याचे.

कोरियात तर हे पाणी थेट ताटात येते. तिथे थंडीत पांढरा मुळा भरपूर पाण्यात आंबवतात. त्याला 'दोंगचिमी' म्हणतात. 1849 साली होंग सोक-मो यांनी कोरियातल्या वर्षभराच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिले. त्यात मुळ्याच्या आणि कोबीच्या किमचीत कुट्टूच्या शेवया घालून खायच्या थंडीतल्या पदार्थाची नोंद आहे. आजही या गार शेवयांच्या रश्शात दोंगचिमीचे पाणी घालतात. घरोघरी मिळून किमची घालण्याच्या तिथल्या प्रथेला 2013 साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. हे ज्ञान आईकडून मुलीला आणि सासूकडून सुनेला मिळते, हे त्या नोंदीतच लिहिले आहे.

आपल्याकडे काय वेगळे आहे? लोणच्याच्या फोडी संपल्या तरी खार कोणी टाकत नाही. भाकरीला लावतो, भातात कालवतो. उत्तरेत काळ्या गाजराची कांजी करतात, तिथे तर पाणीच प्यायचे असते.

यामागचे कारण सोपे आहे. भाजी आंबताना जिवाणू तिच्यातल्या साखरेचे आम्ल करतात. ते आम्ल, भाजीची चव आणि थोडे क जीवनसत्त्व पाण्यात उतरते. म्हणून हे पाणी लिंबाचे आणि मिठाचे, दोन्हींचे काम करते.

आता कोशिंबिरीचे ड्रेसिंग सांगते. झाकणाच्या बाटलीत तीन चमचे शेंगदाण्याचे तेल, दोन चमचे हे पाणी, पाव चमचा वाटलेली मोहरी, चिमूटभर मिरपूड आणि सुपारीएवढा किसलेला गूळ घाला. बाटली जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि पाणी एकजीव व्हायला मदत होते. वरून मीठ अजिबात घालू नका. ड्रेसिंग गरम करू नका, नाहीतर चांगले जिवाणू मरतात. वाढायच्या वेळीच कोशिंबिरीवर ओता. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी बेताने घ्यावे. बुरशी आली असेल, घाण वास येत असेल किंवा पाणी बुळबुळीत झाले असेल, तर भाजी आणि पाणी दोन्ही टाकून द्या.

थोडा हिशोबही करू. एक लिटर पाण्याला साधारण 30 ग्रॅम मीठ लागते. दहा बरण्यांत मिळून पाच लिटर पाणी उरले, तर सुमारे दीडशे ग्रॅम मीठ मोरीत जाते. त्याबरोबर आठवडाभराची राखण आणि आपले कष्टही जातात. म्हणून बरणीची किंमत ठरवताना फक्त भाजी मोजू नका. पाण्याचा उपयोग चिठ्ठीवर लिहा आणि गिऱ्हाईकाला तोंडीही सांगा.

रोमच्या कारभारणीची कामे कोणीतरी लिहून ठेवली, म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला ती कळली. आपल्या आईने, सासूबाईंनी खार कशाकशात वापरला, ते कुठल्या वहीत आहे? या आठवड्यात त्यांना विचारा, आणि गटाच्या बैठकीत हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा.